‘बॉयकॉट’ : वाळीत टाकणे की बहिष्कार?

प्रश्न : आयर्लंडच्या मेयो काउंटीतल्या ‘नील’ या छोट्या गावावर लिहितेय. ‘बॉयकॉट’ हा शब्द १८८० साली त्याच परिसरात जन्मला. तिथल्या लोकांनी जे केलं त्याला मराठीत ‘वाळीत टाकलं’ म्हणू की ‘बहिष्कार टाकला’?

उत्तर : नुसती कृती पाहिली तर ‘वाळीत टाकलं’ चपखल बसतं. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी, लॉख मास्क सरोवराकाठी राहणारा. १८७९ला पिकं बुडालेली. कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, मालक १० टक्क्यांवर अडला. सप्टेंबर १८८०मध्ये जमिनीवरून हुसकावण्याच्या नोटिसा निघाल्या आणि बॉयकॉटची कोंडी सुरू झाली. गडी शेत सोडून गेले, धोबीण कपडे घेईना, लोहार काम करीना, दुकानदार माल देईना. पीक काढायला कॅव्हन-मोनाहनकडून पन्नासेक माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला हजारभर सैनिक-पोलीस! सरकारचा खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. नोव्हेंबरअखेर बॉयकॉट तिथून गेला.

अमेरिकी पत्रकार जेम्स रेडपाथ सांगतो की नवा शब्द नीलच्या फादर जॉन ओमॅलींनी सुचवला. पंडिती शब्द कुळांना कळला नसता, म्हणून साहेबाच्या आडनावाचंच क्रियापद झालं.

तरी मी ‘वाळीत’ लिहिणार नाही. आपल्याकडे वाळीत टाकते ती गावकी, जातपंचायत. बळ तिच्याकडे, आणि भोगतं ते एकटं पडलेलं कुटुंब. त्याविरुद्ध २०१६चा कायदा करावा लागला. नीलला जमीन, कोर्ट, पोलीस सगळं समोरच्याच्या हाती होतं. इतकी उलटी दिशा एका शब्दात झाकू नये.

दुसरं उत्तर : ‘बहिष्कार’लाही तोच इतिहास आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२७ला ‘बहिष्कृत भारत’ काढलं, त्यात ‘बहिष्कृत’ म्हणजे समाजाने बाहेर ठेवलेले. पण वंगभंगानंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला बहिष्कार आला, तो सत्तेविरुद्धचं हत्यार म्हणून. त्यामुळे बॉयकॉटसाठी ‘बहिष्कार’च घ्या.

‘वाळीत टाकणे’ मात्र पूर्ण सोडू नका. १९ सप्टेंबर १८८०ला आयर्लंडमधल्याच एनिस गावच्या सभेत कुळांची बाजू घेणारा आयरिश नेता पार्नेल याने जो उपाय सांगितला, तो हुसकावलेल्या कुळाची जमीन घेणाऱ्या माणसासाठी होता. रस्त्यात, दुकानात, चर्चमध्येसुद्धा त्याला एकटं पाडा, असं तो म्हणाला. हा माणूस कुळांमधलाच, शेजारचा. त्याच्या बाबतीत ‘वाळीत टाकलं’ हेच खरं.