डाग नाहीत म्हणून तोंड धड? व्हेप, गुटखा आणि आपली मुलं

विनय, लोकमान्यनगर (मूळ पोस्ट)
पालकांच्या ग्रुपांवर सध्या व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटचीच ओरड. व्हेपमध्ये टार (तंबाखूच्या धुरातला चिकट काळा पदार्थ) नाही, दातांवर डाग नाहीत, वर २०१९ पासून देशभर बंदी. इंदूरच्या मुलांची तोंडं बिघडतात ती गुमटीवरच्या (पानटपरीवरच्या) गुटख्याच्या पाउचने. त्याबद्दल बोला.

अनघा, तुकोगंज
विनयराव, पालक नेमके याच हिशोबाने फसतात. डाग टारचा असतो. कीड लागायला टार लागत नाही.

व्हेपच्या द्रवात मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. दोन्ही पाणी ओढून घेतात, त्यामुळे झुरक्यागणिक तोंड कोरडं पडतं. लाळ कमी झाली की आम्ल धुतलं जात नाही. पीएच (जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातून, कॅल्शियम निघायला लागतं. ते परत बसवायचं काम लाळेचं, आणि तीच आटलेली. शिवाय स्वाद आंब्याचा, बबलगमचा, गोडीला बऱ्याचदा सुक्रालोज, म्हणजे कृत्रिम साखर. ग्लिसरीनचा चिकट थर दातावर बसतो, जंतू त्याला धरून राहतात. २०१८ मध्ये प्रयोगशाळेत इनॅमलवर गोड स्वादाची वाफ सोडून पाहिली, तर जंतूंचं चिकटणं चौपट झालं आणि इनॅमलचा कठीणपणा २७ टक्क्यांनी उतरला.

हिरड्यांचं याहून वाईट. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात. सुजलेल्या हिरडीतून ब्रश करताना रक्त येतं, म्हणून आपण डॉक्टरकडे जातो. इथे ते रक्तच येत नाही. हिरडी फिकट, घट्ट दिसते आणि घरचे निर्धास्त राहतात. प्रोब (हिरडी मोजायची बारीक खुणांची सळई) घातला की कळतं, दात आणि हिरडीमधल्या फटीची खोली ३ मिलिमीटरपर्यंत असायला हवी, ती ५ झालेली असते.

सुधीर, राजेंद्रनगर
अनघाताई, निकोटीनचं बरोबर आहे. पण प्रयोगशाळेतलं इनॅमल म्हणजे तोंड नव्हे. तिथे ना वाहती लाळ, ना जेवण, ना ब्रश. बोस्टनचा २०२२ चा अभ्यास सगळे फिरवतात: व्हेप ओढणाऱ्यांत ७९ टक्के, न ओढणाऱ्यांत ६० टक्के जणांना किडीचा जास्त धोका. नोंदी तेरा हजारांवर, पण त्यात व्हेप ओढणारे शंभराच्या आत. आणि मोजला तो धोका, किडलेले दात नव्हेत. व्हेप ओढणारा मुलगा रात्री एनर्जी ड्रिंकही पितो. ती साखर वेगळी कशी काढणार?

अनघा, तुकोगंज
संख्या कमी आहे, मान्य. पण जागा बघा. व्हेप ओढणाऱ्यांत दाताच्या मानेशी आणि पुढच्या दातांच्या कापणाऱ्या धारेवर कीड आढळली आहे. धारेवर सहसा कीड लागत नाही, कारण तिथे अन्न अडकत नाही. नुसत्या साखरेने याचा उलगडा होत नाही.

मृणाल, सुदामानगर
विनयभाऊंचा मुद्दा कुणी उचलला नाही. मध्य प्रदेशात गुटखाबंदी १ एप्रिल २०१२ पासून आहे. त्यानंतर साधा पानमसाला एका पाउचमध्ये, तंबाखू दुसऱ्यात, आणि मिसळायचं काम गिऱ्हाइकाचं. ही पळवाट उघड्यावर चालते. मुलं तर तंबाखूशिवायची गोड सुपारी खातात आणि घरात ती मुखवास म्हणून खपते. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, हे २००४ मध्येच जागतिक पातळीवर नोंदलं गेलं. सुपारीतल्या अरेकोलीनने गालाच्या आत तंतू साठतात. आधी तिखट झोंबतं, मग गाल पांढरट आणि ताठ होतो, मग तोंड उघडेना. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जात नसतील तर तपासणी लगेच हवी. साठलेला तंतू पूर्ण मागे जात नाही. इंजेक्शनं आणि तोंड उघडायचे व्यायाम करून आहे तेवढं राखायचं.

विनय, लोकमान्यनगर
हेच म्हणत होतो! व्हेप विकला तर पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अल्पवयीनाला तंबाखू विकली तर तंबाखू कायद्यात दंड किती? २०० रुपये!

मृणाल, सुदामानगर
मग तो कायदा लावूच नका. बाल न्याय कायद्याचं कलम ७७ लावा: मुलाला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तक्रारीत मुलाचं वय आणि पाउचचा फोटो हवा. नुसतं "शाळेजवळ गुटखा मिळतो" लिहिलं की २०० च्या पावतीवर मिटतं.

सुधीर, राजेंद्रनगर
कलम ७७ ला वयाचा पुरावा लागतो आणि आईबाप मुलाचं नाव द्यायला तयार नसतात. शाळेपासून १०० यार्डांत विक्रीला बंदी आहे, ती मोजायला टेप पुरते. गुमटी हटवायची तर तो रस्ता सोपा.

विनय, लोकमान्यनगर
हटवलेली गुमटी १०१ व्या यार्डावर उभी राहते, सुधीरजी. आणि खरं सांगू? व्हेप ही पैसेवाल्या घरांची चिंता आहे. तुकोगंजात बसून तिच्यावर लिहिणं सोपं. मालवा मिलकडच्या पोरांच्या हातात पाउच आहे.

अनघा, तुकोगंज
पत्त्यावरून बोलायचं असेल तर मी थांबते. मी आकडा देते, तो खोडून दाखवा. डिस्पोजेबलमध्ये (वापरून फेकायच्या व्हेपमध्ये) २ मिलिलिटर द्रव, मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम निकोटीन, म्हणजे एका नळीत १०० मिलिग्रॅम. युरोपात मर्यादा मिलिलिटरला २० ची आहे. बेन्झोइक आम्ल घालून केलेलं निकोटीन सॉल्ट घशाला खवखवत नाही, म्हणून पोरगं थांबतच नाही. द्रव संपत आला की आतला कापूस सुकतो, कॉइल (तापणारी तार) जास्त तापते आणि फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन ही विषारी द्रव्यं वाढतात. तो शेवटचा जळका झुरकाही मुलं फुकट घालवत नाहीत. आणि ही दोन वेगळी पोरं नाहीत. वर्गात पुदिन्याचा व्हेप, बाहेर पाउच, तोंड एकच.

विनय, लोकमान्यनगर
पत्त्याचं मागे घेतो. शेवटचं वाक्य पटलं, बाकीचं नाही.

मृणाल, सुदामानगर
ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांच्यासाठी. ओढल्यावर साध्या पाण्याने चूळ, ब्रश अर्ध्या तासाने. आम्लाने मऊ झालेलं इनॅमल लगेच घासलं तर झिजतं. टूथपेस्ट १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइडची; थुंकायची, मागून चूळ नाही. दात काढायचा असेल तर डॉक्टरांना व्हेपचं सांगाच. निदान ७२ तास झुरका नको, नाहीतर जखमेतली गुठळी निघून हाड उघडं पडतं. कायद्यात शिक्षा विकण्याला आणि साठवण्याला आहे, ओढण्याला नाही, म्हणून डॉक्टरपासून लपवायचं कारण नाही. मोफत मदत १८००-११-२३५६ वर.

अनघा, तुकोगंज
त्यात एक जोडा. व्हेप सोडल्यावर काही आठवडे हिरडीतून रक्त जास्त येऊ शकतं. रक्तपुरवठा परत येतोय, म्हणून दडलेली सूज दिसते. "सोडल्यापासूनच बिघडलं" म्हणून पुष्कळ मुलं इथेच परत ओढायला लागतात. त्या आठवड्यांत स्केलिंग, म्हणजे डॉक्टरकडून दातांची सफाई, करून घ्या.

विनय, लोकमान्यनगर
भंवरकुआँच्या कोचिंगवाल्यांकडे शिबिर घ्या मग. पण आधी तीन बोटं, नंतर तुमचा प्रोब.

सुधीर, राजेंद्रनगर
शिबिरात प्रोब नको. प्रत्येक मुलाला वेगळा, ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रातून) काढलेला प्रोब लागतो. ६० मुलं तर ६० संच. तेवढे कुणाकडे नसतात, मग घाईत स्पिरिटने पुसून पुढच्याच्या तोंडात जातो. शिबिरात टॉर्च, एकदाच वापरायचे आरसे आणि बोटं. ज्याची तीन बोटं जात नाहीत किंवा जो व्हेपला हो म्हणतो, त्याला शासकीय दंत महाविद्यालयात पाठवायचं. हा प्रश्न आईबापांसमोर विचारायचा नाही.