मांजरांची नसबंदी: संस्थांनी एकत्र यावं की आपापलं बघावं?

खणभागकर:
गेल्या महिन्यात आमच्या बोळातली एक पांढरी-पिवळी भाटी पिंजऱ्यात आली. दवाखान्यात भूल दिली, पोट भादरलं, चीर घेतली, तर आत गर्भाशयच नाही. दुसऱ्या एका गटानं आधीच ऑपरेशन केलेलं. कानाला खूण नाही, म्हणून कुणालाच कळलं नाही. त्या मुक्या जिवाला दोनदा फाडलं आपण.

सांगली-मिरज-कुपवाडची महापालिका एक, पण मांजरांचं काम करणारे आपापल्या गल्लीपुरते. मांजर 63 ते 65 दिवसांत वितं, पिल्लं पाजत असतानाच पुन्हा माजावर येतं, आणि चार-पाच महिन्यांचं पिल्लूसुद्धा गाभण राहू शकतं. गल्लीतल्या पाचांपैकी दोन भाट्या राहिल्या तरी वर्षात होतं तिथंच. म्हणून पिंजरे, डॉक्टर आणि नोंदवही एकच ठेवा. एक पेठ धरा, पुरी करा, मग पुढची. आणि भूल असतानाच डाव्या कानाचं टोक कापा, सगळ्यांनी.

मिरजेच्या ताई:
दादा, वाचून पोटात तुटलं. तरी माझा विरोध आहे. 2019 च्या महापुरात आम्ही सगळे एकत्र होतो, पत्र्यांवरून मांजरं उतरवली. पाणी ओसरलं आणि पिंजरे कुणाचे, देणगी कुणाची, यावरून बोलणं बंद झालं ते आजतागायत. मोठी मोहीम निघाली की माणसं आकडा बघतात. पाजती भाटी उचलली तर मागं आडोशाला पिल्लं उपाशी मरतात. कुणाची आचळं भरलीत हे रोज खायला घालणाऱ्या बाईला कळतं, वहीला नाही. आणि कान कापायला माझा हातच धजत नाही.

गणपती पेठ:
आमच्याकडं हळद, बेदाणा, गुळाची गोदामं आहेत. मांजरं नेली तर पोती उंदरांनी फोडली म्हणून समजा. आम्ही का मदत करायची?

खणभागकर:
शेठ, मांजर नेऊन ठेवायचं नाही, बरं झालं की त्याच जागी सोडायचं. नसबंदीनं उंदीर धरायचं सुटत नाही. उलट मांजरं हटवलीत तर मोकळ्या जागेत दुसरी शिरतात आणि तीच वितात.

ताई, पाजतीचं तुमचं शंभर टक्के बरोबर. पिंजरा लावताना तिथं खायला घालणारं माणूस हजर पाहिजेच, ते म्हणतील ती भाटी धरायची नाही. पैशाचंही पटलं, ते वेगवेगळेच ठेवू. पण कानाचं मी सोडणार नाही. भुलीत कापलेल्या टोकाची जखम थोड्याच दिवसांत भरून येते. पोटावरची दुसरी चीर बघितली असतीत तर तुम्हीही हट्ट धरला असता.

मिरजेच्या ताई:
पैसे वेगळे, वही एक, एवढ्यावर मी बाकीच्या बायकांशी बोलते. कानाचा शब्द आत्ता देत नाही. ती भाटी कुठं असते? मला बघायचीय.

खणभागकर:
आमच्याच जिन्याखाली. टाके सुकलेत, बांगड्याचं डोकं टाकलं की येते. रविवारी सकाळी या.