कॅथलिक वर्कर: नोंदणी नाही, पगार नाही, मग ही घरं चालतात कशी?

वाटाड्या
अमेरिकेतल्या कॅथलिक वर्कर चळवळीबद्दल वाचतोय. 1 मे 1933 ला डोरोथी डे आणि पीटर मॉरिन यांचं वर्तमानपत्र न्यू यॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये एका सेंटला एक प्रत असं विकायला आलं, पुढे बेघरांसाठी घरं उघडली, आणि ती आजही आहेत, इथवर समजलं. मी सेवाभावी संस्थांचे हिशेब तपासतो, त्यामुळे पुढचं पटकन गळी उतरत नाही. मुख्यालय नाही, सभासदत्व नाही, अनेक घरांना करसवलतीची नोंदणीच नको. हे टिकतं कशावर? शिवाय भुकेल्याला जेवू घालणं कळतं, पण त्याच लोकांनी युद्धाविरुद्ध तुरुंगात का जावं? कुणी जवळून पाहिलंय का?

अबोली
जवळून नाही, पण कॅथलिक सामान्यजनांच्या अशा आणखीही चळवळी आहेत. रोमची सांत एजिदियो 1968 साली विद्यार्थ्यांनी सुरू केली. गरिबांशी मैत्री हेच तिचं मुख्य काम, आणि तिच्याच मध्यस्थीने मोझांबिकच्या यादवी युद्धातला शांतता करार 4 ऑक्टोबर 1992 ला रोममध्ये झाला. म्हणजे जेवण आणि शांतता ही जोडी तिथेही दिसते. घरांबद्दल नदीकाठ यांना विचारा, त्या अशा एका घरात जातात.

नदीकाठ
हो, अमेरिकेतल्या आमच्या शहरात असं एक घर आहे, तिथे मी शनिवारी स्वयंपाकाला असते. कांदे चिरायचे, सूपचं पातेलं ढवळायचं, मग वाढायचं. मी कॅथलिक नाही आणि मला ते कुणी विचारलेलंही नाही.

आधी पैशाचं. घरात राहणारे कार्यकर्ते पगार घेत नाहीत. पाहुण्यांच्याच छताखाली राहतात, तेच जेवतात, दान आलेले कपडे घालतात. बेकरीतून उरलेला पाव येतो, कुणी भाजी आणून देतं, कुणी चेक पाठवतं. करसवलतीची नोंदणी नसल्यामुळे देणाऱ्याला वजावट मिळत नाही, तरी माणसं देतात. नोंदणी नको यामागे विचार आहे: समोरच्या माणसाची जबाबदारी माझी, आणि ती पार पाडायला मला सरकारची परवानगी किंवा बक्षीस कशाला हवं? हा मॉरिनचा आग्रह. फ्रान्सच्या एका खेड्यातल्या शेतकरी कुटुंबातला हा माणूस डिसेंबर 1932 मध्ये डोरोथीच्या दारात उभा राहिला, आणि चर्चा, आतिथ्याची घरं आणि शेतीवरच्या वसाहती असा सगळा आराखडा तिच्यापुढे मांडत राहिला. ती पत्रकार, डाव्या चळवळीतून आलेली, लहान मुलीची एकटी आई. शेतीच्या वसाहती फारशा जमल्या नाहीत. घरं मात्र जमली.

तुम्ही हिशेबातले आहात म्हणून एक प्रसंग सांगते. न्यू यॉर्क शहराने क्रिस्टी स्ट्रीटवरचं त्यांचं घर ताब्यात घेतलं आणि त्याचे 68,700 डॉलर दिले. पैसे मिळायला वेळ लागला म्हणून वर 3,579.39 डॉलर व्याज. 1960 साली डोरोथीने ते व्याज पत्रासह शहराला परत केलं, कारण पैशाने पैसा कमवणं तिला मान्य नव्हतं. ज्या घरात उद्याच्या कॉफीची भ्रांत असते, त्या घराने हे केलं. मला त्या पत्राचा फार आदर वाटतो.

आता तुरुंगाचं. त्यांच्या दृष्टीने ही दोन कामं नाहीतच. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायात भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र अशी यादी आहे. युद्ध यातलं प्रत्येक काम उलटं करतं: शेतं जाळतं, विहिरी नासवतं, घरं पाडतं. सकाळी जेवू घालून दुपारी त्याला हातभार कसा लावायचा? म्हणून 1955 पासून न्यू यॉर्कमध्ये अणुहल्ल्याच्या सक्तीच्या सरावात लपायला जायचं नाकारून ही मंडळी उघड्यावर बसली. अणुबॉम्बपासून वाचता येतं हा समज पसरवण्यात त्यांना भाग घ्यायचा नव्हता. 1957 साली डोरोथीला त्याबद्दल 30 दिवसांची शिक्षा झाली. 1961 ला इतकी माणसं जमली की पुढे ते सराव बंदच पडले.

शोधक
अहिंसा शांततेच्या काळात ठीक आहे. हिटलरसमोर काय? तेव्हाही डोरोथी डे हेच म्हणत होत्या. मला तरी ते समर्थनीय वाटत नाही.

नदीकाठ
शोधक, हा प्रश्न तेव्हा चळवळीच्या आतही होता, आणि त्याने ती जवळजवळ फुटली. डोरोथीने भूमिका सोडली नाही, वर्तमानपत्राचा खप कोसळला, कित्येक घरं बंद पडली, चांगले सोबती दुरावले. नाझींच्या ज्यूद्वेषाविरुद्ध ती युद्धाच्या कितीतरी आधीपासून लिहीत होती, तेव्हा डोळेझाक केली असं म्हणता येत नाही. पण छळछावण्यांतल्या माणसाला तिच्या अहिंसेने काय दिलं, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तरी सगळेच होकार देत असताना नकार देणारं कुणीतरी असावं, असं मला मनापासून वाटतं. गांधी गेले तेव्हा तिने वर्तमानपत्रात लिहिलं की ख्रिस्ताच्या जीवनाशी इतकं मिळतंजुळतं जगलेला दुसरा सार्वजनिक पुरुष नाही. 1948 साली एका कॅथलिक बाईने हे छापलं.

रोजच्या अहिंसेचं मी पाहिलेलं सांगते. एकदा जेवणाच्या खोलीत एका दारू प्यायलेल्या पाहुण्याने खुर्ची उगारली. मी मागे सरले. घरात राहणारी एक मुलगी पुढे गेली, त्याला नावाने हाक मारली, कॉफीचा कप हातात दिला आणि बाहेर पायरीवर त्याच्या शेजारी बसली. आज आत येता येणार नाही हे त्याला स्पष्ट सांगितलं, उद्या ये हेही सांगितलं. शक्य तोवर पोलिसांना बोलवायचं नाही असा त्या घराचा नियम आहे. नेहमी असं निभावतं असं मुळीच नाही. कार्यकर्ते थकतात, सोडून जातात, आणि कुणाला आत घ्यायचं यावर रात्री उशिरापर्यंत वाद चालतात.

वाटाड्या
व्याजाचा प्रसंग वाचून थांबलोच. पण एक शंका राहते. रोज जेवू घालत राहिलं तर भूक निर्माण करणारी व्यवस्था तशीच राहत नाही का?

नदीकाठ
म्हणूनच ते वर्तमानपत्र. संप, मजुरी, घरभाडं, वंशभेद, सगळ्यावर पहिल्यापासून लिहिलं गेलं. 1973 साली, 75 वर्षांची असताना, डोरोथी कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या संपात अटक करून घेऊन आली. आमच्या घरातही दुपारी भांडी झाली की कुणीतरी घरभाड्याच्या सुनावणीला पाहुण्यासोबत कोर्टात जातं. कधी न्यू यॉर्कला गेलात तर मेरीहाउस या त्यांच्या घरी जा, डोरोथी 1980 साली तिथेच वारली. किंवा जवळच्या कुठल्याही घरी फोन करून या. बहुतेक ते मोठं पातेलं घासायला लावतील, आणि हिशेबाचं काय ते तिथेच विचारा.