वाऱ्याचा अंदाज बघणं सोडा म्हणणाऱ्यांना

रानवाट:
काल इथे एकाने लिहिलं, "ॲपवर वारा ताशी १२ किमी होता आणि दुपारी शेडचे पत्रे उडाले. खेड्यात हे अंदाज कुचकामी, बघूच नका." खाली सगळे माना डोलावतायत. मला गप्प बसवत नाही. १२ हा सरासरी वेग. त्याच्याच शेजारी झोतांचा, म्हणजे काही क्षणांच्या जोरदार झटक्यांचा, आकडा असतो, तो पाहिलात? पत्रे झोताने उडतात, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. शिवाय अंदाज असतो तो मोकळ्या जागी जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा. तो काढणारं संगणकाचं जागतिक मॉडेल पृथ्वीच्या चौकटी पाडून गणित करतं; एक चौकट साधारण ९ ते २५ किमीची, त्यात तुमची टेकडी सपाट होऊन जाते. एवढं लक्षात ठेवून वाचा, मग बोला.

पत्रेवाला:
ती पोस्ट माझी. झोत ३० दाखवले होते, पाहिले होते मी. ढग काळे झाले, गार वारा सुटला आणि काही कळायच्या आत छप्पर शेजारच्या रानात. तुमच्या चौकटी घेऊन काय करू?

रानवाट:
बरं, गडगडाटी ढगाचं मान्य. त्यातून खाली कोसळणारी गार हवा जमिनीवर आपटून पसरते, ती मॉडेलला नेमकी पकडता येत नाही. पण अशा दिवशी वाऱ्याचा आकडा बघत बसायचं नसतं, वादळाचा इशारा बघायचा असतो.

बांधावरून:
म्हणजे चूक पुन्हा आमचीच! आमचं गाव खिंडीच्या तोंडाशी आहे. पश्चिमेचा वारा असला की अंदाजापेक्षा कितीतरी जोरात लागतो, पूर्वेचा असला तर पानही हलत नाही. आजोबा हे झाडाकडे बघून सांगायचे. मी तर ॲपवर वारा शून्य दिसला की पहाटे फवारणी उरकतो, बाकी काही बघत नाही.

मातीमोल:
थांबा! पहाटेचा शून्य वारा हाच फवारणीला सगळ्यात वाईट. रात्री जमीन गार होते, तिला लागून गार हवेचा थर बसतो आणि वर उबदार हवा झाकणासारखी राहते. बारीक थेंब त्या थरात तरंगत राहतात आणि उताराने कुणाच्याही रानात जाऊन बसतात. आमच्या कोवळ्या वेलांची पानं अशीच वाकडी झाली. शेजारी म्हणाला, "वारा नव्हताच, माझं औषध कसं येईल?" त्यावरून बोलणं बंद आहे आमचं.

बांधावरून:
शेजाऱ्याचा राग माझ्यावर कशाला? बापजाद्यांपासून पहाटेच फवारतोय. दुपारी वाऱ्यात फवारू का?

मातीमोल:
बापजाद्यांकडे हे तणनाशक होतं का? ऊन वर येऊन हवा ढवळली गेली, आणि ताशी ४ ते १५ किमीचा एका दिशेचा वारा असला, की औषध कुठे जाणार ते तरी कळतं. शंका असेल तर धूर करून बघा. वर न जाता आडवा पसरून रेंगाळला तर पंप खाली ठेवा.

बांधावरून:
धुराचं बघतो. पण धुरावरूनच ठरवायचं तर अंदाज कशाला, हाच तर माझा मुद्दा.

डोंगरकडा:
फवारणीसाठी वेगळा धागा काढा की. आणि दिशेबद्दल कुणीच बोलत नाही. बहुतेक ॲपवर बाण वारा जातो तिकडे असतो, पण "पश्चिमेचा वारा" म्हणजे पश्चिमेकडून येणारा. आमच्याकडे अर्धा गाव उलट वाचतो आणि गंजीचं तोंड चुकीच्या बाजूला ठेवतो.

रानवाट:
बांधावरून, खिंडीचं तुम्ही सांगितलंत ते मला हवंच होतं. पश्चिमेचा अंदाज असेल तेव्हा आकडा किती आणि प्रत्यक्षात काय झालं, हे हंगामभर वहीत लिहा. मग पश्चिमेला अमुक पट धरायचं, पूर्वेला निम्मं, हे तुमचं तुम्हालाच कळेल. आजोबांनी झाडावरून दुसरं काय केलं?

पत्रेवाला:
वही लिहितो. पण पत्रे आधी तारेने बांधतो, अंदाज काहीही असो.