मदत हवी आहे: हवाईतल्या खोलीचं डिपॉझिट आजच भरू का?

दर्यावर्दी: नमस्कार. ऑगस्टमध्ये हवाई विद्यापीठात पीएचडीला जातोय. एक खोली मिळतेय, भाडं ९५० डॉलर. मालक म्हणतो, दोन महिन्यांचं डिपॉझिट आजच पाठव, बाकीचेही मागतायत. विद्यापीठ ४० मिनिटांवर. भरू का? जरा लवकर सांगा, बँक चारला बंद होते.

चिंगी: कुठलं कॅम्पस? मानोआ की हिलो? दोन्ही वेगवेगळ्या बेटांवर आहेत, मध्ये विमान लागतं. आणि ४० मिनिटं कशानं, चालत की बसनं?

दर्यावर्दी: मानोआच हो, ओशनोग्राफी, म्हणजे समुद्रविज्ञान. मिनिटं त्यानंच सांगितली.

मोपेडवाला: मग मोपेड घ्या, प्रश्नच मिटला. चार वर्षं मी तेच केलं.

रानपाखरू: थांबा! खोली व्हिडिओवर तरी पाहिलीत का? हवाईच्या कायद्याप्रमाणे डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, पाळीव प्राणी असेल तरच वर घेतात. माझ्या मैत्रिणीनं असेच पैसे पाठवले, किल्ली आलीच नाही. आणि आपल्याकडे चार वाजतात तेव्हा तिथे रात्रीचे साडेबारा झालेले असतात. त्या वेळी कोण खोली मागत बसलंय? आणि मोपेडवाले, मानोआच्या खोऱ्यात उन्हातसुद्धा भुरभुर चालू असते. बस बरी.

मोपेडवाला: आम्ही कोकणातले, भुरभुरीला पाऊस म्हणत नाही. रात्री दीडला लॅबमधून निघाल्यावर बसची वाट बघत उभं राहायचं का?

सुमनमावशी: बाळा, ताजा कढीपत्ता नेऊ नकोस, विमानतळावर काढून घेतात. मेतकूट आणि गोडा मसाला ने. भाची तिकडे आहे, तिला विचारून सांगतेय.

खारावारा: ओशनोग्राफी म्हणजे स्टेशन अलोहाला, समुद्रातल्या मोजमापाच्या ठरलेल्या जागी, बोटीनं जाणं होईलच. मानोआ ज्या बेटावर आहे त्या ओआहूच्या उत्तरेला १०० किलोमीटरवर, १९८८ पासून जवळजवळ दर महिन्याला तिथे मोजमापं घेतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन दिवस नुसत्या ओकाऱ्या. पण चार हजार मीटरखालचं पाणी, खोल सोडून वर ओढलेल्या बाटलीच्या तोटीतून, हातावर आलं आणि बोटं बधिर झाली, वर ऊन भाजत होतं. तो क्षण मी विसरलेलो नाही. उलटीची गोळी बोट सुटायच्या आधी घ्या, नंतर उपयोग नाही.

चिंगी: अहो, त्यांना आज पैसे भरायचेत! दर्यावर्दी, विभागातल्या एखाद्या सीनियरला मेल करा, खोली बघून येईल. ईस्ट-वेस्ट सेंटर या तिथल्या संस्थेची फेलोशिप आहे का? असेल तर कॅम्पसला लागूनच त्यांचं वसतिगृह आहे, हाले मानोआ.

दर्यावर्दी: फेलोशिप नाही, विभागाची असिस्टंटशिप आहे, म्हणजे विभागात काम करून पगार. ते लिहायचं राहिलं. पैसे भरले नाहीत. मालकाला कळवलं की एकाच महिन्याचं देईन आणि आधी माझा माणूस येऊन खोली बघेल. तासाभरात त्यानं जाहिरातच काढून टाकली. सीनियरचं उत्तर आलंय, ती शोधायला मदत करणार आहे. पण पोचल्यावर पहिले आठ-दहा दिवस कुठे राहू? कॅम्पसजवळ कुणी राहिलंय का?