मेथी एकाकडेच असेल तर घासाघीस कुणाशी?

स्टीम आणि एपिक ही कॉम्प्युटर गेम विकणारी दोन ऑनलाइन दुकानं. ‘एपिक आलं, स्टीमला स्पर्धा मिळाली, फायदा गिऱ्हाइकाचाच’ असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. डिसेंबर २०१८ मध्ये एपिकने दुकान उघडलं ते १२ टक्के कमिशनवर. स्टीमचं मूळ कमिशन ३० टक्के. पण मधला फरक बहुतेक वेळा गेम काढणाऱ्या कंपनीच्याच खिशात गेला. ‘मेट्रो एक्सोडस’ हा गेम तर रिलीजला जेमतेम अडीच आठवडे असताना स्टीमवरून उचलून वर्षभर फक्त एपिकवर ठेवला. (अमेरिकेत १० डॉलरने स्वस्त केला, हे मान्य.)

दादरला दोन भाजीवाल्या शेजारी बसून तीच मेथी विकतात, म्हणून भाव उतरतो. इथे मेथीच एकीकडे. एपिकचे फुकट गेम मी दर गुरुवारी न चुकता घेतो, खेळत एकही नाही, ते सोडा.

खरी गोची कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रावर आहे. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली डिस्क खेळून झाली की मी ती निम्म्या भावात कुणाला तरी खपवायचो. धाकट्या भावाने आता डिस्कची खाचच नसलेला, गेम फक्त डाउनलोड करायचा कन्सोल घेतलाय. परवा विचारत होता, ‘दादा, हा गेम संपला, आता विकू कुठे?’