पाव पडदा काळा की पाव चित्र गायब?

उंबरठा

थिएटरची हौस कधीच फिटली. आता सोफा, रिमोट आणि वीस-पंचवीस वर्षांमागचं (किंवा त्याच्याही मागचं) काहीतरी, एवढंच माझं बघणं. तेव्हा ही तक्रार घरबसल्या प्रेक्षकाची आहे, तज्ज्ञाची नाही.

'साइनफेल्ड' ही जुनी अमेरिकन विनोदी मालिका पुन्हा बघायला घेतली. १९९७ च्या एका भागात जॉर्जच्या किल्ल्या रस्त्यातल्या खड्ड्यात पडतात आणि वरून डांबर पडतं. जेरी आणि जॉर्ज रस्त्यावर उभे राहून खड्ड्याकडे बघतायत, त्याच्यावर बोलतायत. आणि पडद्यावर खड्डाच नाही! चौकोनी चित्र रुंद टीव्हीत बसवायला वरून-खालून कापलं, त्यात खड्डा खालच्या काठाबाहेर गेला. २०२१ मध्ये ही मालिका नेटफ्लिक्सवर आली तेव्हाच लोकांनी यावर आरडाओरडा केला होता, तरी मला वाटलं होतं की उगाच बाऊ करतायत. स्वतः बघितल्यावर कळलं.

माझं म्हणणं एवढंच: जुनं चित्र जसं होतं तसं दाखवा. कडेला काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ देत.

रात्रपाळी

अहो उंबरठा, खड्डा दिसला नाही म्हणून विनोद कळायचा राहिला का? संवादातूनच सगळं कळतं.

त्या मालिका चौकोनी होत्या कारण टीव्हीचं खोकं चौकोनी होतं. त्यात कसली आलीय कला? खोकं रुंद असतं तर त्यांनी रुंदच काढलं असतं. तुम्ही नाइलाजाला सोवळं नेसवताय. आणि एवढा मोठा टीव्ही घेऊन त्याचा पाव भाग काळा ठेवायचा? आमच्या आईला त्या पट्ट्या दिसल्या की ती टीव्हीच्या पाठीमागच्या वायरी हलवायला उठते.

उंबरठा

पाव भाग म्हणालात ते बरं झालं, आता हिशेबच करू. रुंदी १६ धरली तर जुन्या ४:३ (रुंदी चार, उंची तीन) चित्राची उंची होते १२. नव्या टीव्हीची उंची ९. बारातले तीन गेले, म्हणजे पाव चित्र गेलं. न कापता दाखवलं तर पाव पडदा काळा राहतो. पाव कुठूनतरी जाणारच. मी म्हणतो, रिकामं आहे ते जाऊ दे, भरलेलं कशाला?

सहज_बघणारा

तिसरा मार्ग विसरलात, ताणायचा! भावाकडे एक अख्खा सिनेमा तसा बघितला. नायक सायकलवरून येतो आणि दोन्ही चाकं लंबगोल. चंद्रसुद्धा आडवा पसरलेला. घरात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, मलाच अडीच तास ती चाकं खुपत होती.

पट्टीचा_कान

चित्राचं सोडा, वेगाचं काय? सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा (म्हणजे फ्रेम्सचा). आपल्याकडचं जुनं टीव्ही प्रसारण २५ चं. हिशेब जुळवायला सिनेमा सरळ २५ ने पळवायचे. दीडशे मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत उरकायचा. आवाज त्याच्याबरोबर चढायचा, अर्ध्या स्वराहून थोडा कमी.

लहानपणी टीव्हीवर गाणं लागलं की पेटी घेऊन बसायचो. पांढरी एक धरावी तर गाणं वर, काळी एक धरावी तर किंचित खाली. वाटायचं पेटी उतरलीय. पेटी दुरुस्तीला नेली, दुरुस्तीवाल्याने ती तपासून जशीच्या तशी परत दिली. खरं कारण पुढे पंधरा वर्षांनी कळलं.

जुना_टेपवाला

उंबरठा यांना अनुमोदन, पण त्यांचं दुखणं अर्धंच आहे. उलटं कापणं याहून वाईट होतं. टीव्ही चौकोनी होते तेव्हा सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद पडद्याचे सिनेमे दोन्ही बाजूंनी कापून दाखवत. उंचीच्या २.३५ पट रुंद चित्र १.३३ पटीत कोंबायचं म्हणजे शेकडा त्रेचाळीस भाग बाहेर.

'कागज़ के फूल' (१९५९) हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप सिनेमा. त्यात रिकाम्या स्टुडिओत वरून प्रकाशाचा झोत उतरतो ते गाणं आठवा. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी आरसे वापरून तो झोत आणला होता. ती आणि तो एकमेकांपासून लांब उभे, मधे सगळा अंधार. ती जी मधली जागा आहे ना, तीच त्या गाण्याची गोष्ट आहे. चौकोनी टीव्हीवर एक तर तो दिसणार, नाहीतर ती, नाहीतर नुसता झोत. मी टेपवर तसंच पाहिलं होतं आणि 'यात काय एवढं' म्हणालो होतो. पुढे पूर्ण रुंदीत पाहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

रात्रपाळी

टेपवाले, तुम्ही माझंच काम करताय. कापलेलंच बघून तुम्ही मोठे झालात, सिनेमाचं वेड तरीही लागलंच ना?

आता 'मूळ मूळ' म्हणून जो घोष चाललाय त्याबद्दल. 'शोले'चा मूळ शेवट कोणता? पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात तो, जो १९७५ पासून सगळ्यांना पाठ आहे? की ठाकूर गब्बरला मारतो तो, जो सेन्सॉरमुळे बदलावा लागला? २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात जुना शेवट जोडलेली प्रत दाखवली. मला विचाराल तर माझा शोले पोलिसांवालाच.

आणि 'मुग़ल-ए-आज़म'? १९६० चा, बराचसा कृष्णधवल, शीशमहालाचं गाणं रंगीत. रंगीत भाग बघून के. आसिफना अख्खा सिनेमाच रंगीत करायचा होता, पण वितरक थांबायला तयार नव्हते. २००४ मध्ये तो संगणकावर रंगवला, तेव्हा शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली. दिग्दर्शकाची इच्छा चव्वेचाळीस वर्षांनी पुरी झाली, त्यात बिघडलं काय? माझ्या भाचीने तो रंगीत होता म्हणूनच पूर्ण पाहिला.

उंबरठा

शोलेचा मुद्दा चांगला आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मुग़ल-ए-आज़मबद्दल मात्र थांबा. आसिफना रंगीत *चित्रित* करायचा होता. म्हणजे कपडे, भिंती, दिवे रंगासाठी निवडून. नंतर संगणकापुढे बसून कुणीतरी ओढणीचा रंग ठरवणं ही वेगळी गोष्ट. कृष्णधवलसाठी लावलेला प्रकाश कृष्णधवलसाठीच असतो, सावल्यांवर रंग चढला की त्या मळक्या दिसतात. भाचीने पाहिला याचा आनंदच आहे. पण तिला दुसरी प्रतही सहज मिळायला हवी की नको?

माझं भांडण खरं तर इथेच आहे. 'सिम्पसन्स' ही अमेरिकन कार्टून मालिका २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर अशीच कापून आणली. एका दृश्यात बिअरच्या कारखान्यात तीन वेगवेगळ्या नावांच्या टाक्या आहेत आणि वर बघितलं तर तिन्हींना एकाच नळातून पुरवठा. नळ वरच्या काठाला, म्हणजे गेला! उरल्या नुसत्या तीन टाक्या आणि हसायला काही नाही. लोकांनी कटकट केली, २०२० मध्ये मूळ आकारात बघायचा पर्याय दिला. कापलेलंही ठेवलं. ज्याला जे हवं ते त्याने बघावं. एवढं सोपं आहे ते.

मेणबत्ती

रात्रपाळी यांच्या बाजूने एक मुद्दा टाकते, मग विरोधात बोलते. फिल्मवर चित्रित झालेल्या मालिकांत कधीकधी बाजूंना जास्तीचं चित्र असतं, तिथे रुंद करताना कमी कापावं लागतं. 'द वायर' ही अमेरिकन गुन्हेगारी मालिका २०१४ मध्ये अशी रुंद केली, तेव्हा तिचा निर्माता डेव्हिड सायमन स्वतः त्या कामात होता. त्याने सरळ लिहिलं की काही दृश्यं सुधारली, काहींचं नुकसान झालं. हे मला प्रामाणिक वाटतं.

पण व्हिडिओ टेपवर काढलेल्या मालिकांचं काय? तिथे चित्र ज्यांनी बनतं त्या दिसणाऱ्या आडव्या ओळीच मुळात ५७६. फोर-के टीव्हीत २१६०. नसलेलं चित्र आणणार कुठून? हल्ली एआयने 'स्वच्छ' केलेले भाग फिरतात. परवा एक पाहिला. म्हाताऱ्या आत्याच्या चेहऱ्यावर सुरकुती एक नाही, मेण ओतल्यासारखा गुळगुळीत. मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या आकड्यांची कसलीतरी अगम्य लिपी झालेली. धूसर होतं तेच बरं होतं हो, निदान खोटं नव्हतं.

आणि टीव्हीत ते मोशन स्मूदिंग सुरू असेल तर आधी बंद करा. चौकटींच्या मधे टीव्ही स्वतःच्या मनाने चौकटी घुसवतो, आणि जुना सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो.

रात्रपाळी

मेणबत्ती, मेणाबद्दल तुमचं ऐकतो, अधिकारवाणी आहे. :)

पट्ट्यांबद्दल माझं मत तेच. पण परवा शोधलं तर आमच्या टीव्हीत चित्राचा आकार 'झूम'वर अडकून बसलाय, बहुतेक घेतल्यापासून. म्हणजे धड असलेलंही आम्ही कापूनच बघत होतो. ते बदलायचं कुठून?

उंबरठा

सेटिंग्जमध्ये 'पिक्चर', त्यात 'पिक्चर साइझ' किंवा 'आस्पेक्ट रेशो'. 'ऑटो' किंवा 'ओरिजिनल' करा. मोशनचंही तिथेच जवळपास सापडेल.

रात्रपाळी

केलं. गेल्या महिन्यात बघितलेलीच जुनी मालिका लावली. दारावर एक पाटी आहे हे आज कळलं. आई विचारतेय, टीव्ही लहान का झाला.